मधले मार्क

अंतकलाबाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही.

निळं अंतर्देशीय पत्र होतं. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईचं ठळक, उभं अक्षर. तलाव जलकुंभीनं, म्हणजे जलपर्णीनं, भरला, डोंगा चालत नाही, गावातले लोक यांच्याशी बोलत नाहीत, हे रोज सकाळी एकटेच ती ओढून काढायला जातात, एवढं लिहून शेवटी विचारलं होतं, ‘सर, आम्ही ती जलकुंभी टाकली नसती तर आमच्या तलावाला किती मार्क मिळाले असते? खरा आकडा लिहा. पत्र माझ्या नावानं टाका. यांना काय सांगायचं ते मी बघीन.’

प्रश्न एका आकड्याचा होता आणि तो आकडा मला ठाऊक होता. पत्र मी त्या वेळी वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलं. ते पुस्तक संपल्यावर दुसऱ्या पुस्तकात. असं ते बावीस वर्षं माझ्या हाताशीच राहिलं.

सालईबांधला मी पहिल्यांदा गेलो तो डिसेंबरात. भंडाऱ्याच्या बरंच पुढे, धानाच्या बांध्यांमधून जाणारा रस्ता जिथे संपतो तिथे ते गाव, आणि गावाला लागून जुन्या जमीनदारांच्या काळातला मालगुजारी तलाव. मी नागपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो. एका संस्थेनं त्या भागातल्या तलावांचं पर्यावरण शंभर गुणांत मोजायचं काम काढलं होतं. माणसं कमी पडली म्हणून मला घेतलं. मला घेण्यासारखं दुसरं कारण तेव्हाही दिसलं नव्हतं.

मोजायचं कसं ते ठरलेलं होतं. पाण्याचा नितळपणा, पाण्यातला प्राणवायू, पक्षी, मासे, मोकळं पाणी, तळाचा गाळ अशा एकेका गोष्टीला ठरावीक गुण, आणि त्यांची बेरीज म्हणजे तलावाची प्रकृती. मोजण्याआधी गावाला हे सगळं समजावून सांगायचं, असा संस्थेचा नियम होता. मला भीती होती ती त्याचीच. मी वर्गात फळ्याकडे तोंड करून शिकवणारा माणूस.

समाजमंदिरात सतरंजीवर तीसेक ढीवर बायामाणसं बसली होती. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष दुधराम वलथरे पुढे होते. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, सारखा हसरा माणूस. मी तक्ता भिंतीला लावला, खिळा निसटला, तक्ता पडला, सगळे हसले, आणि कसा कोण जाणे, त्या हसण्यानं माझी जीभ सुटली. मी बोललो, आणि लोक ऐकत होते.

“शंभरापैकी मार्क?” दुधराम म्हणाले.

“हो.”

“अन् पास कितीले?”

“पास-नापास नाही. पंच्याहत्तरच्या वर गेला तर तलाव संरक्षित करायची शिफारस जाईल. चाळीसच्या खाली आला तर तलाव आजारी ठरेल. मग उपसून, गाळ काढून दुरुस्त करायला ठेकेदाराकडे देतील.”

“संरक्षित म्हणजे जांभूळबांधसारखा काय जी?” मागून एका बाईनं विचारलं. हिरवं लुगडं, मांडीवर निवडायला घेतलेले तांदूळ. या अंतकलाबाई, दुधरामची बायको. “त्याहिचा तलाव पहिला आला. सत्कार झाला, नारळ भेटला. अन् मंग जाळं टाकाची बंदी आली. पक्ष्याहिले तरास होते म्हणे. माझी बहीण दिली आहे तिथं. आता नवराबायको विटाभट्टीवर आहेत.”

“आजारी ठरला तर?” आणखी कुणी विचारलं.

“तर ठेकेदार येईन. ठेकेदार का आपल्याले मासे धरू देईन?” दुधराम उठून लोकांकडे वळले. “म्हणजे पाहा बाप्पा, हुशार पोरगा सरकार घेऊन जाते, ढ पोरगा ठेकेदार घेऊन जाते. मधला तेवढा मायबापाजवळ राहते.” मग माझ्याकडे वळून हात जोडले. “सर, आमाले मधले मार्क द्या जी.”

समाजमंदिर हसण्यानं भरून गेलं. मीही हसलो, पण मला विनोदाला विनोदानं उत्तर देता येत नाही. मी म्हणालो, “मी देत नाही, दुधरामभाऊ. मी फक्त मोजतो.”

“भेव त्याचंच आहे,” अंतकलाबाई तांदूळ पाखडत म्हणाल्या.

दुधराम तक्त्याजवळ येऊन उभे राहिले. एकेका ओळीवर बोट ठेवून त्यांनी मला ती वाचायला लावली. मग विचारलं, “याच्यात झटक्यानं कमीजास्त होणारं कोणतं?”

समजावून सांगणं हेच माझं काम होतं. गाळ वर्षानुवर्षं साचतो, मासे-पक्षी हळूहळू कमी होतात, पण मोकळं पाणी एका ऋतूत जाऊ शकतं. जलकुंभी आली की गुण उतरायला लागतात, असं मी सांगितलं.

“आपल्या तलावात तर एक पान नाही,” कुणीतरी अभिमानानं म्हणालं.

“म्हणूनच पूर्ण गुण,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधरामनी मला डोंग्यातून तलाव दाखवला. डोंगा म्हणजे कोरलेलं एक खोड. मी दोन्ही हातांनी कडा धरून बसलो होतो. पाणी खाली दिसत होतं, खरंच दिसत होतं. कमळांचे देठ पार तळापर्यंत. पलीकडच्या काठाला सारसांची जोडी उभी होती. ती उडाली नाही, नुसती मान वळवून आमच्याकडे बघत राहिली.

नितळपणा मोजायला पांढरी-काळी तबकडी दोरीनं पाण्यात सोडतात आणि ती दिसेनाशी कधी होते ते बघतात. मी दोरी सोडत होतो.

“दिसते अजून?” दुधराम विचारत.

“दिसते.”

“अन् आता?”

“दिसते.”

“आमचा आजा म्हणे, या तलावात नथ पडली तर घरून दिसते.” वल्हं आडवं ठेवून ते खूश होऊन बघत होते. मग आवाज उतरला. “किती होतीन जी, सर? अंदाजानं?”

“मोजल्याशिवाय सांगता येत नाही. गाळाचे नमुने नागपूरला जातील, प्रयोगशाळेत तपासतील...”

“राहू द्या,” ते म्हणाले. “तुमच्या तोंडावर दिसते.”

मी नकळत चेहऱ्याला हात लावला. मला काय वाटतं ते आजवर कुणी माझ्या तोंडावर वाचलं नव्हतं. घरीही नाही.

दुपारी त्यांच्याकडे जेवलो. अंतकलाबाईंनी मरळ केली होती आणि मी मासे खात नाही हे कळल्यावर कपाळाला हात लावला. “अहो, हे सर मासे खात नाही!”

“मंग काय करते?”

“मोजते फक्त!”

माझ्यासाठी घाईघाईनं वांग्याची भाजी टाकली. त्या वाढताना हसत होत्या, आणि दुधराम हसत नव्हते.

अखेरची मोजणी फेब्रुवारीच्या शेवटी होती. तलावातून शेतांना पाणी सोडायचं जे तोंड असतं, त्याला तिकडे तुडूम म्हणतात. त्या तुडुमापाशी मला ती दिसली. हिरवीगार, टवटवीत, फुगीर देठांची जलकुंभी. चांगली चार-पाच गाड्या भरतील एवढी. भोवती बांबू रोवून, चटयांनी बांधून, नीट कुंपण केलेलं होतं. गोठ्यात जनावर बांधावं तशी ती तिथे बांधलेली होती.

दुधराम काठावर उभे होते. मी काही विचारायच्या आत म्हणाले, “तुमसरच्या बाजूच्या एका नाल्यातून आणली. बंडीनं. चार खेपा.”

“दुधरामभाऊ, हे काय केलंत?”

“मधले मार्क पायजे ना जी.”

“आजच्या आज काढा ही. आत्ता. मी आजची मोजणी उद्या करीन.”

“उद्या केली तर ही दिसन कशी?” ते शांतपणे म्हणाले. “तुमचा नेम आहे ना, जे पाण्यावर दिसन ते लिहाचं? मंग लिहा.”

“तुम्हाला कल्पना नाही. ही एका महिन्यात दुप्पट नाही, चौपट होते. पाणी मिळालं, खायला मिळालं की...”

“बांबू आहेत ना.”

“बांबू!”

“सर,” त्यांनी माझा दंड धरला. त्यांचा हात ओला आणि थंड होता. “जांभूळबांधचे पंचेचाळीस घरं होते. आता चौदा राहिले. मी जाऊन मोजले. तुमी तलाव मोजता, मी घरं मोजली. हिले मी राखण बसून सांभाळीन. पण तलाव एकदा कागदावर गेला का मले तो कागद फाडता येत नाही.”

मागे अंतकलाबाई धुणं घेऊन आल्या होत्या. “मी म्हटलं याहिले,” त्या मला म्हणाल्या, “लेकराले ताप आणून शाळेतून सुटी घेता काय? ताप आपल्या हातानं आणता येते, उतरवता येते काय?”

“तू चूप राह्य वं.”

“मी चूपच आहो. जलकुंभी बोलन.”

मी तबकडी, दोऱ्या, बाटल्या घेऊन काठावर बसून राहिलो. नियमाप्रमाणे पाण्यावर जे आहे ते लिहायचं होतं. कुणी आणलं आणि का आणलं, याला तक्त्यात रकाना नव्हता. मी मोजलं आणि लिहिलं. जाताना पुन्हा म्हणालो, “आता झालं ना? आता तरी काढा.”

“रिपोर्ट आला का दुसऱ्या दिवशी काढतो,” दुधराम म्हणाले. “मधात कोणी तपासाले आलं अन् तलाव साफ दिसला तर? तुमीच खोटे पडान.”

माझा विचार करून त्यांनी ती राहू दिली, असं त्यांना खरंच वाटत होतं.

रिपोर्ट पाडव्याच्या सुमारास येणार होता. नागपूरला परतल्यावर मी संस्थेचे प्रमुख डॉ. खानझोडे यांना भेटलो. सालईबांधचा निकाल लवकर लावता येईल का, म्हणून विचारलं. ते मोठ्यानं हसले. “हरदास, तुम्ही पहिल्यांदाच काहीतरी मागितलं, आणि तेही हे? सगळ्या तलावांचं एकदम निघेल हो. गाळ अजून प्रयोगशाळेत पडलाय, त्यांच्याकडे रांग आहे.” मी पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ते बाहेरगावी होते. तुडुमाजवळच्या त्या कुंपणाचं मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मोजणी रद्द झाली असती आणि ती नव्यानं दुसऱ्या कुणीतरी केली असती. दुधरामना मात्र दोन पत्रं टाकली. दोन्हींत एकच वाक्य होतं: ‘वाट बघू नका, काढून टाका.’

त्यांचं उत्तर अंतकलाबाईंच्या अक्षरात आलं. ‘बांबू पक्के आहेत, असं हे सांगतात.’

जूनमध्ये तिकडे एका आठवड्यात महिन्याचा पाऊस पडला. मी पेपरात वाचलं. पेपरात धानाची रोपं वाहून गेल्याचं होतं. बांबूंचं अर्थातच नव्हतं.

रिपोर्ट ऑगस्टात निघाला. गावांना फक्त बेरीज कळवली होती. सालईबांध, पंचावन्न. वर्ग मध्यम. शिफारस, व्यवस्था आहे तशी चालू ठेवावी.

त्याच संध्याकाळी कॉलेजच्या ऑफिसात मला फोन आला. तुमसरच्या एसटीडी बूथवरून दुधराम ओरडून बोलत होते.

“सर! पास झालो जी! पंचावन्न! एकदम मधात!”

“हो. कळलं.”

“गावात गुलाल उडाला. सारे म्हणते, दुधरामनं तलाव वाचवला. अन् सर, ते जलकुंभीचं... थोडी पसरली आहे. बांबू गेले ना पावसात. पण काढतो आहो आमी, दोन डोंगे लावले आहे. दिवाळीपर्यंत साफ करतो.”

“करा,” मी म्हणालो.

“नाही टाकली असती तर गेलाच होता ना जी, तलाव?”

माझ्यासमोर टेबलावर पूर्ण तक्ता होता. तो त्याच दिवशी मला मिळाला होता. गाळाचे गुण मी पहिल्यांदा बघत होतो. वीसपैकी तीन. वरच्या शेतांतलं खत आणि फवारणीची औषधं कित्येक वर्षं पावसाबरोबर वाहून येऊन त्या नितळ पाण्याखाली बसत होती. वरून काहीच दिसत नव्हतं. मला नव्हतं दिसलं, दुधरामना नव्हतं दिसलं, सारसांना नसेल. जलकुंभीमुळे गेलेले गुण होते आठ.

“सर? ऐकू येते काय?”

“अभिनंदन,” मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर मी बेरीज केली, आणि मग ती पुन्हा केली. पंचावन्न आणि आठ, त्रेसष्ट. जलकुंभी टाकली नसती तरी तलाव मधलाच होता. पंच्याहत्तरपासून तो पुष्कळ लांब होता, आधीपासूनच. त्याला वाचवायची गरज कुणालाच नव्हती. आणि ज्या गाळानं त्याचे गुण घालवले होते, त्याच गाळावर आता ती जलकुंभी पोसत होती. साध्या स्वच्छ पाण्यात ती इतकी वाढली नसती.

पुढच्या उन्हाळ्यात अंतकलाबाईंचं ते पत्र आलं.

उत्तर लिहायला मी बसलो नाही असं नाही. पहिल्या वेळी दोन पानं गाळाच्या रसायनशास्त्रावरच गेली, फाडली. दुसऱ्या वेळी नुसतं ‘त्रेसष्ट’ लिहिलं आणि ते एका चांगल्या माणसाला काठीनं मारल्यासारखं दिसलं. एकदा ‘एक्याऐंशी’ लिहिलं. तुमच्या यजमानांनी तलाव वाचवला, असंही लिहिलं. पाकीट बंद केलं. पत्ता घालताना हात थांबला. आयुष्यात मला दुसरं काही येत नव्हतं, फक्त खरा आकडा लिहिता येत होता.

माझी बायको तेव्हा होती. ती म्हणाली, “एक आकडा तर कळवायचाय. एवढं काय त्यात?”

“खरा लिहिला तर तो माणूस मोडेल. खोटा मला लिहवत नाही.”

“बरं,” ती म्हणाली आणि भाजी चिरत राहिली. तिनं पुन्हा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

गेल्या महिन्यात उर्वी नावाची एक मुलगी घरी आली. संशोधन करते. त्याच तलावांचा नवा शाश्वतता निर्देशांक काढायचाय आणि जुने तक्ते कुठेच मिळत नाहीत, म्हणून माझा पत्ता शोधत आली होती. माझ्याकडे प्रती होत्या. मी कागद टाकत नाही.

“सालईबांधला जाऊन आलात?” मी विचारलं.

“गेले होते, सर. तिथे मोजायचं काय तेच कळेना. पाणीच दिसत नाही. काठापासून काठापर्यंत हिरवं. लोक म्हणाले, पंधरा वर्षांपासून मासेमारी बंदच आहे. सोसायटीची बहुतेक माणसं बाहेर पडली, हैदराबादकडे.” ती थांबली. “पण एक म्हातारे आहेत. काठालगत डोंग्यात बसून ओढत असतात, एकटेच. काठावर ढीग लावतात. दुसऱ्या दिवशी तेवढीच पुन्हा आलेली असते. मी विचारलं, आजोबा, कशाला एवढं? तर म्हणाले, ‘हा तलाव मी वाचवला आहे. सरकार घेऊन जात होतं.’”

मी चष्मा पुसला.

“त्यांच्या बायकोनं तुमचं नाव काढलं,” उर्वी म्हणाली. “हरदास सर आहेत का अजून, म्हणून विचारलं. मी म्हटलं, मी त्यांनाच भेटायला जाणार आहे. तर हसल्या. म्हणाल्या, सरांना सांग, मी अजून वाट पाहून राहिली.”

“आणखी काही?”

“नाही. हां, एक म्हणाल्या. म्हणाल्या, सरांना वाटलं असेल मी याहिच्यासाठी विचारलं.”

उर्वी गेल्यावर मी ते निळं पत्र शोधलं. ते सापांवरच्या एका जुन्या पुस्तकात होतं. घड्यांवर फाटलेलं. मी ते पुन्हा वाचलं. शेवटची ओळ मला पाठ होती, पण पाठ असलेली गोष्ट माणूस वाचत नाही. ‘यांना काय सांगायचं ते मी बघीन.’ एवढी वर्षं मी दुधरामना काय सांगावं याचा विचार करत होतो. ते काम मला कुणी दिलंच नव्हतं. तिनं फक्त आकडा मागितला होता. काठावर उभं राहून रोज त्या माणसाला डोंगा ढकलून द्यायचा की हाताला धरून घरी आणायचं, हे तिला ठरवायचं होतं, आणि ते ठरवायला तिला तो आकडा हवा होता.

मी टेबलाशी बसलो आणि एका दमात लिहिलं.

‘सौ. अंतकलाबाई यांस,
जलकुंभी टाकली नसती तर त्रेसष्ट मार्क मिळाले असते. तेव्हाही मधलेच. कमी पडले ते गाळात, आणि गाळाचा निकाल नंतर आला. तो तुम्हाला, तुमच्या यजमानांना किंवा मला आधी कळण्यासारखा नव्हता. डोंग्यात दुधरामभाऊंनी माझ्या तोंडावर जे पाहिलं ते मात्र बरोबर पाहिलं होतं. मलाही तो तलाव पंच्याहत्तरच्या वरचाच वाटला होता. त्यांना काय सांगायचं ते तुम्ही बघा.
आपला, हरदास.’

पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर सुधारत बसलो असतो.

आमच्या कोपऱ्यावरच्या टपालपेटीचा रंग उडालाय. तिच्यात आता कुणी काही टाकत असेल असं वाटत नाही. मी फटीतून पाकीट आत सरकवलं आणि हात बाहेर काढला. पाकीट तळाशी आपटल्याचा आवाज आला. पेटी रिकामी असावी.